घर दाखवावे, झाकू नये
उन्हाळ्यात घर विक्रीस काढणाऱ्यांसाठी

गुढीपाडवा होतो, मुलांच्या वार्षिक परीक्षा संपत येतात आणि अनेक कुटुंबांत घर बदलण्याचे बेत आकार घेऊ लागतात. जूनमध्ये नवी शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या जागेत स्थिरस्थावर व्हावे, पावसाआधी सामान हलवावे, साधल्यास अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर व्यवहार ठरवावा, असा सर्वसाधारण विचार असतो. साहजिकच एप्रिल-मे महिन्यांत घर पाहण्यास येणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. बहुतेक कुटुंबांच्या दृष्टीने घर ही आयुष्यातील सर्वांत मोठी मालमत्ता असते आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरील विक्रेत्यासाठी तर तिची किंमत म्हणजे उतारवयाचा आधार. म्हणूनच घर दाखविण्याची तयारी ही केवळ झाडलोट आणि सजावट यांपुरती राहू शकत नाही.

उन्हाची दिशा ओळखावी

महाराष्ट्र, तेलंगण, मध्य प्रदेश या पट्ट्यात मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पुणे-मुंबईत तर मेच्या मध्यास दुपारी काही क्षण सावली पायाखाली नाहीशी होते. त्यामुळे या दिवसांत सर्वाधिक तापतात त्या गच्ची आणि पूर्व-पश्चिमेच्या भिंती. दक्षिणेची भिंत हिवाळ्याच्या तुलनेत कमी ऊन खाते. पश्चिमेची खोली दुपारी तीननंतर तापू लागते आणि सूर्यास्तानंतरही तिची भिंत बराच वेळ उष्णता सोडत राहते.

हे ध्यानी घेतल्यास उपाय सुचतात. खिडकीच्या आतील पडद्यापेक्षा बाहेरून लावलेला बांबूचा वा वाळ्याचा पडदा अधिक उपयोगी, कारण तो ऊन काचेबाहेरच अडवितो. वरच्या मजल्यावरील घरासाठी, गच्ची स्वतःची असल्यास किंवा सोसायटीची अनुमती घेऊन, पांढरा परावर्तक रंग अथवा चुना लावावा. सकाळी लवकर खिडक्या उघडून हवा खेळती ठेवावी, ऊन चढू लागताच पश्चिमेकडील पडदे ओढावेत आणि पाहुणे येण्यापूर्वी सर्व पंखे सुरू करावेत. वातानुकूलन यंत्राने घर थंडगार करून ठेवू नये. त्यामुळे घराची स्वतःची हवा कशी आहे हे येणाऱ्यास समजत नाही आणि मनात शंका मात्र डोकावते.

पहिल्या भेटीसाठी सकाळची वेळ सर्वांनाच सोयीची. परंतु गंभीरपणे विचार करणारा खरेदीदार दुसऱ्यांदा भर दुपारी येऊ इच्छीत असेल, तर त्यास नकार देऊ नये. त्याला त्या घरात दुपारही काढावयाची आहे.

ओल रंगाखाली राहत नाही

उन्हाळ्यात भिंती कोरड्या दिसतात आणि नेमका येथेच मोह होतो. समजा, एका निवृत्त दांपत्याची वरच्या मजल्यावरील सदनिका विकावयाची आहे. शयनगृहाच्या कोपऱ्यात गेल्या पावसाळ्यातील पिवळसर डाग आहे. रंगाचा एक हात मारला की डाग दिसेनासा होतो. मात्र भिंतीतील क्षार आणि ओलाव्याची वाट तशीच राहते. पहिल्या मोठ्या पावसानंतर रंगाला फुगे येतात, पापुद्रे सुटतात आणि तोवर व्यवहार झालेला असल्यास वादाला तोंड फुटते.

डागाचे कारण शोधण्यासाठी उन्हाळ्यासारखा काळ नाही. भर मे महिन्यात डाग ओलसर लागत असेल, तर पाणी बहुधा नळाच्या जोडातून किंवा वरच्या मजल्यावरील स्नानगृहातून झिरपत असते. तो आता कोरडा, पण पावसाळ्यात ओला होत असेल, तर गच्ची, बाहेरील भिंतीची भेग वा खिडकीचा छज्जा तपासावा. गच्चीच्या जलरोधक कामास कोरडे हवामान लागते. भिंतही रंगापूर्वी पूर्ण वाळावी लागते. दोन्ही गोष्टी आताच साधतात. काम केल्यास ठेकेदाराचे देयक व हमीपत्र जपून ठेवावे. काम करणे परवडत नसेल, तर खर्चाचा लेखी अंदाज घेऊन तो खरेदीदारापुढे ठेवावा आणि किमतीत तेवढी सवलत मोकळेपणाने बोलावी.

कायद्याची अपेक्षाही हीच आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विरुद्ध करार नसल्यास, विक्रेत्यास ठाऊक असलेला परंतु खरेदीदारास सर्वसाधारण काळजी घेऊनही कळू न शकणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड करणे बंधनकारक आहे. तो दोष मालमत्तेतील असो वा हक्कातील. असा दोष न सांगणे हे कायद्याच्या दृष्टीने कपटच ठरते. वरील दांपत्याने डाग दाखविला, तर कदाचित किंमत थोडी कमी होईल. लपविला, तर वृद्धापकाळाची पुंजी न्यायालयीन वादात अडकण्याचा धोका उरतो.

वास, पाणी आणि पसारा

घर काही दिवस बंद असल्यास उन्हाळ्यात दार उघडताच दुर्गंधी येते. अनेकदा तिचे कारण साधे असते. स्नानगृहातील नहाणी ट्रॅपमध्ये साचलेले थोडे पाणी गटारातील वायू अडवून धरते. उन्हाळ्यात ते आटते आणि वास घरात शिरतो. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतले की काम भागते. कूलरची टाकी रिकामी करून धुवावी, जुने पाणी बदलावे.

पाणीपुरवठ्याचा प्रश्न या दिवसांत प्रत्येक खरेदीदार विचारतोच. पाणी किती वाजता येते, किती वेळ राहते, टँकर मागवावा लागतो काय, त्याचा खर्च कोण उचलतो, याची उत्तरे तयार ठेवावीत आणि ती खरी असावीत. शेजारच्या घरी चौकशी करण्यास खरेदीदाराला फारसा वेळ लागत नाही.

सज्जातील वाळवणे, माळ्यावरील ट्रंका आणि सुट्टीला आलेल्या पाहुण्यांच्या पिशव्या काही काळ आवराव्यात. खोली मोठी दिसते ती मोकळ्या जमिनीमुळे. दागिने, पासबुके, धनादेश पुस्तिका व ओळखपत्रांच्या प्रती कपाटात बंद असाव्यात. अनोळखी पाहुणे येणार असतील तेव्हा घरात किमान दोन व्यक्ती असणे श्रेयस्कर. दूरध्वनीवरच व्यवहार ठरवून अनामत रक्कम पाठविण्याच्या निमित्ताने कोणी क्यूआर कोड धाडल्यास सावध व्हावे. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही द्यावा लागत नाही.

कागदपत्रेही पाहण्याजोगी असावीत

खरेदीदार कर्ज घेणार असेल, तर त्याच्यानंतर येणारा दुसरा पाहुणा म्हणजे बँकेचा मूल्यांकनकर्ता. तो खोल्या मोजतो आणि मंजूर नकाशाशी ताडून पाहतो. सज्जा खोलीत सामावून घेतला असल्यास ते तेथे उघड होतेच. म्हणून आधीच सांगावे. क्षेत्रफळ सांगताना ते चटई क्षेत्र की बांधीव क्षेत्र, हे स्पष्ट करावे. मूळ करारनामा, सोसायटीचे भागप्रमाणपत्र, मालमत्ता कराची व देखभाल खर्चाची पावती, भोगवटा प्रमाणपत्र यांची एक फाइल हाताशी असावी.

घरावर स्वतःचे कर्ज असल्यास तेही पहिल्याच भेटीत सांगावे. अशी घरे रीतसर विकता येतात. थकीत रकमेचे पत्र आणि बँकेकडील मूळ कागदपत्रांची यादी शाखेतून मिळते. चल व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर २०१२ पासून मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क नाही. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून घातले आहे. बँकेमुळे विलंब झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई देय ठरते.

विसाराची रक्कम धनादेशाने वा बँक खात्यातूनच घ्यावी. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये वा अधिक रोख स्वीकारण्यास २०१५ पासून मनाई आहे. विक्रेता भारतात निवासी असून किंमत ५० लाख रुपये वा त्याहून अधिक असल्यास खरेदीदार १ टक्का कर कापून भरतो, हेही हिशेबात धरावे.

घर पाहण्यास आलेल्यांना प्रथम गार पाणी, जमल्यास पन्हे द्यावे आणि मग त्यांना घर निवांतपणे पाहू द्यावे. प्रत्येक खोलीत मागोमाग जाऊन स्तुती करण्याची आवश्यकता नसते. विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले, कोपऱ्यातील डागाबद्दलही मिळाले, की उरलेल्या घराबद्दल सांगितलेल्या गोष्टींवर खरेदीदाराचा विश्वास बसतो. असा व्यवहार पहिल्या पावसाने बिघडत नाही.