डोंगरातील लहान धबधबा आणि शाळेची सहल

परतवाड्याहून उत्तरेकडे पाहिले असता गाविलगडाच्या डोंगरांची रांग भिंतीसारखी आडवी पसरलेली दिसते. पावसाळ्यात या भिंतीच्या घळीघळींतून पाणी उड्या घेत खाली येते. त्यांपैकी चिखलदऱ्याजवळच्या भीमकुंडास नाव आहे. परतवाड्यापासून सुमारे १५ किलोमीटरवर, मध्य प्रदेशाच्या बैतूल जिल्ह्यातील मुक्तागिरी येथे जैन मंदिरांच्या शेजारी कोसळणाऱ्या धारेसही नाव आहे. परंतु डोंगरालगतच्या कित्येक गावांस आपापला एक ओढा व त्या ओढ्याची एक लहानशी धार असते. नकाशात तिचा उल्लेख नसतो. गावच्या गुराख्यास मात्र तिची वाट पाठ असते. प्राथमिक शाळेच्या सहलीस अशी धारच अधिक उपयोगी होय. प्रसिद्ध स्थळी मुले बहुधा गर्दी व दुकाने पाहून परततात, आणि दुसऱ्या दिवशीच्या निबंधात गाडीच्या प्रवासाखेरीज फारसे काही उतरत नाही, हा अनेक शाळांचा अनुभव आहे.

सहलीस निघण्यापूर्वी शिक्षकाने वर्गात एका प्रश्नाचा उलगडा करावा: धबधबे येथेच का? परतवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटर उंचीवर आहे, तर चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर. म्हणजे थोडक्या अंतरात जमीन सातशे मीटरांहून अधिक उंचावते. या उताराच्या पायथ्याशी जमिनीत एक मोठी भेग असून तिच्या दोन्ही बाजूंचे खडक वरखाली सरकले आहेत. भूशास्त्रात अशा भेगेस भ्रंश म्हणतात, आणि या भ्रंशास गाविलगडाचेच नाव दिलेले आहे. पठारावर संथ वाहणारे पाणी या कडेशी आले की त्यास खाली उतरण्यावाचून गत्यंतर नसते.

येथील खडक काळा, अग्निजन्य आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून तो बनला. सर्व थर सारखे टणक नसतात; काही घट्ट, काही सच्छिद्र, तर दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. पाणी मऊ थर लवकर झिजवते, वरचा टणक थर ओठासारखा पुढे राहतो व काही काळाने आधार सुटून कोसळतो. धारेखाली पडलेले मोठे धोंडे याचीच साक्ष होत. धबधबा अशा रीतीने हळूहळू डोंगराच्या पोटात मागे सरकत जातो. स्वयंपाकघरातील जाड भाकरीचे चार तुकडे व त्यांच्यामध्ये ओल्या मातीचा थर, एवढ्या साहित्यावरही हे वर्गात दाखविता येते.

तथापि धारेचे पाणी पुढे जाते कोठे, हा प्रश्न गावाच्या जीवनाशी अधिक निगडित आहे. डोंगर उतरताच ओढ्यांचा वेग मंदावतो आणि त्यांनी आणलेले गोटे, वाळू व रेती पायथ्याशी साचतात. या भरडगोट्यांच्या पट्ट्यात पाणी झपाट्याने मुरते. म्हणूनच वर वाहता दिसणारा ओढा खाली येताच कोरडा पडलेला आढळतो. मुले यास ओढा 'संपला' असे म्हणतात. वस्तुतः तो जमिनीखालून वाहू लागलेला असतो. पायथ्यालगतच्या विहिरी व संत्र्याच्या बागा यांस हेच पाणी मिळते. आणखी दक्षिणेस, पूर्णा नदीच्या दोन्ही तीरांवर अमरावती, अकोला व बुलडाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा लागतो. तेथे भूगर्भातील पाणी खारट असल्याने विहीर असूनही पिण्याच्या पाण्याची विवंचना असते. ज्या शाळेतील मुलांस घरच्या विहिरीचे पाणी गोड का, हे ठाऊक नाही, तिने धबधबा पाहण्याआधी ती विहीर पाहावी. उरलेले पाणी पूर्णेत, पूर्णेतून तापीत व तेथून सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते.

आता काळाविषयी. जुलै-ऑगस्टमध्ये धार सर्वांत देखणी असते व त्याच वेळी ती सर्वांत घातकी असते. लहान ओढ्याचे पाणलोट क्षेत्र लहान असल्याने वर पठारावर पाऊस कोसळला की काही मिनिटांतच लोंढा खाली येतो, मग खाली ऊन का पडलेले असेना. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणालगतच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते याच रीतीने. त्यांत लहान मुलेही होती. पाणी एकाएकी गढूळ होणे, काड्या व पालापाचोळा वाहत येणे, वरून घरघर ऐकू येणे, यांपैकी एकही चिन्ह दिसताच विचार करीत न बसता सर्वांनी काठाच्या उंचवट्यावर चढावे. परंतु चिन्हांवर विसंबण्यापेक्षा दसऱ्यानंतर, पाऊस उघडल्यावर जाणे शहाणपणाचे. धारेखालच्या कुंडात कोणत्याही ऋतूत मुलास उतरू देऊ नये. पोहता येणारे मूलही त्यास अपवाद नव्हे. पडणारे पाणी तळाचे गोटे फिरवून खोल रांजण कोरते आणि वरून ती खोली कळत नाही.

दुसरे संकट पुष्कळांच्या ध्यानीमनी नसते. कड्याच्या कपारीत आग्यामोहोळ लटकलेले असते. तेथे धूर, चूल, दगडफेक व आरडाओरडा यांस सक्त मनाई असावी. शिदोरी घरून न्यावी.

वनखात्याची परवानगी व पालकांची लेखी संमती घेतल्यावाचून निघू नये. मेळघाट १९७४ साली व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाला असून त्याच्या गाभा क्षेत्रात मनास येईल तसे शिरता येत नाही. दुपारी तीनच्या आत परतीस लागावे.

प्रत्यक्ष स्थळी मुलांस एक मोजणी करावयास द्यावी. धारेपासून दूर, जेथे ओढा घोट्याएवढाच व सपाट वाहत असेल, तेथे शिक्षकाने दोरीने ५ मीटर अंतर मोजून द्यावे आणि मुलांनी काठावरून पान किती सेकंदांत वाहत जाते ते मोजावे. समजा १० सेकंद लागले, ओढ्याची रुंदी २ मीटर व सरासरी खोली १० सेंटिमीटर भरली. वेग सेकंदास अर्धा मीटर. म्हणून २ × ०.१ × ०.५ = ०.१ घनमीटर, म्हणजे सेकंदास १०० लिटर. तळाचे पाणी पृष्ठापेक्षा मंद वाहत असल्याने यातील आठ दशांश धरावे: ८० लिटर. मिनिटाला ४,८०० लिटर, म्हणजे दोनशे लिटरची चोवीस पिंपे! हा आकडा मुले स्वतः काढतात तेव्हा त्यांच्या मुद्रा पाहण्यासारख्या असतात.

मेळघाटातील शाळांत कोरकू मुले असतात. रानाची वाट, कोणता झरा उन्हाळ्यापर्यंत टिकतो, कोणत्या झाडाखाली मधमाश्या असतात, हे त्यांस शिक्षकापेक्षा अधिक ठाऊक असते. अशा मुलास त्या दिवशी पुढे चालू द्यावे व इतरांनी त्याचे ऐकावे. वर्गात मराठी वाचताना अडखळणारे मूल येथे सांगणारे होते, एवढ्यासाठीही ही सहल काढावी. पाण्यास कोरकूत 'डा' म्हणतात. दूर झारखंडातील मुंडारी व संथाळी या भाषांतही याच्याशी मिळताजुळता शब्द आहे, कारण त्या सर्व एकाच भाषाकुळातील होत. भीमाने कीचकास मारून दरीत लोटले व कुंडात हात धुतले, ही भीमकुंडाची कथाही जरूर सांगावी. मात्र ती लोककथा म्हणून सांगावी, आणि खडकाची हकीकत खडकाची म्हणून.

सहलीनंतर शाळेच्या एका वहीत दरवर्षी दोनच नोंदी ठेवाव्यात: पावसाळ्यात धार पहिल्यांदा केव्हा सुरू झाली व कोणत्या तारखेस आटली. वरच्या उतारावर दाट सागवान, पाचोळा व माती असेल तर पाणी मुरून सावकाश झिरपते व धार दीर्घकाळ टिकते. उतार उघडा पडला तर ती लवकर आटते आणि पावसात गढूळ येते. आटल्याची तारीख गावातील मुलेच आणून देतील. शिक्षकाची बदली झाल्यास ती वही नव्या शिक्षकाच्या हाती सोपवावी, आणि मागील पाने त्याने मुलांसमोर वाचून दाखवावीत.