परसातली घूस आणि गाजरगवत

बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेल्या आपल्या धाराशिव जिल्ह्यात मृगाच्या सरी कोसळताच घराच्या परसावर दोन बिनहक्काचे रहिवासी कब्जा सांगू लागतात: जमिनीखाली घूस आणि जमिनीवर गाजरगवत.

बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढिगारा रचून, ते तोंड पुष्कळदा मातीनेच बुजवून, आत धान्याचा संचय करणाऱ्या शेतघुशीची तजवीज मला विलक्षण वाटते. तिच्या बंदोबस्तासाठी सर्रास विष घालू नये, कारण विषबाधित घूस खाणारे घुबडही दगावू शकते; धामण, मुंगूस व घुबड यांना अभय देणे, भिंतीलगतची अडगळ हटवणे आणि दाणागोटा झाकून ठेवणे हेच श्रेयस्कर.

गाजरगवताला मात्र दयामाया नको. मूळच्या अमेरिका खंडातील या तणाची नोंद १९५५च्या सुमारास पुण्यात झाली. एकेका झाडाला हजारो बिया येतात, आणि त्याच्या स्पर्शाने त्वचेस, परागांनी श्वसनास बाधा होते. १९८४ साली बंगळूर येथे प्रथम सोडलेले मेक्सिकन भुंगे त्याची पाने फस्त करतात, म्हणून ते दिसल्यास कीटकनाशक फवारू नये. उरलेले तण फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे आणि मोकळ्या जागी तरोट्याचे बी टाकावे.

बांधापलीकडचे बी हद्द मानत नाही. तेव्हा शेजाऱ्यांसह एकाच वेळी उपटणी करावी, ही कळकळीची विनंती.