पांढरे जाते म्हणून पिशवी काढू नका



बिलोली तालुक्यातल्या वस्त्यांमध्ये आम्ही आरोग्याच्या बैठका घेतो. विहारात सगळ्यांसमोर कुणी काही विचारत नाही. बैठक संपून चपला घालताना मात्र एखादी ताई बाजूला घेते. "सिस्टर, अंगावरून पांढरं लय जातंय, कंबर मोडून येतीय. पिशवी काढून टाकू का?"

ताई, कर्ज काढून ऑपरेशन करण्याआधी एवढे वाचा.

थोडे, पाण्यासारखे, वास नसलेले पांढरे जाणे हा आजार नाही. पण दह्यासारखे जाऊन खाज सुटत असेल, हिरवट-पिवळे किंवा घाण वासाचे जात असेल, ओटीपोट दुखत असेल, लघवीला आग होत असेल, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. असे बहुतेक संसर्ग गोळ्यांनी बरे होतात. योनिमार्गाचा संसर्ग पिशवी काढून जात नाही. उलट पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर पाळी जाण्याचा त्रास लगेच सुरू होतो आणि हाडे ठिसूळ होतात.

आपल्या मराठवाड्यातच बघा. बीड जिल्ह्यात 2019 साली सरकारने ऊसतोड महिलांची पाहणी केली. 82 हजारांवर महिलांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. त्याच्या कितीतरी आधी डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 महिला तपासल्या. 1989 साली निष्कर्ष छापून आला: 92 टक्के महिलांना स्त्रीरोग होता, पण त्याआधी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. आजार घरोघरी आणि तपासणी कुठेच नाही, तिथेच ऑपरेशनवाल्यांचे फावते.

मग जायचे कुठे? आधी आशाताईला सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा. या आजारांसाठी सरकारी दवाखान्यात रंगीत किटमध्ये मोफत औषधे येतात. तिथे भागले नाही तर जिल्हा रुग्णालयात 'सुरक्षा क्लिनिक' असते. नायगाव-नरसीवरून नांदेड गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून चौघी-पाचजणी मिळून जा. पाळी चुकली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. संबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त गेले, तर एक दिवसही थांबू नका.

आता भाऊंनो, तुमच्यासाठी. संबंधातून येणारा संसर्ग असेल तर दोघांनीही औषध घ्यावे लागते. एकटीने घेतले तर तो फिरून येतो. औषध पूर्ण होईपर्यंत संबंध टाळा, नाहीतर निरोध वापरा. दह्यासारखे जाणे संबंधाशिवायही होते. तेव्हा बायकोवर संशय घेऊ नका.

लोकांना कळेल ही भीती सोडा. एचआयव्हीची चाचणी तुमच्या संमतीनेच होते आणि निकाल गुप्त ठेवणे 2017 च्या कायद्याने बंधनकारक आहे. 1097 वर फोन करून मोफत विचारता येते.

10 नोव्हेंबर 1938 रोजी बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या कायदेमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. बाईच्या शरीराचा प्रश्न त्यांनी भर सभागृहात नेला. आपण तो निदान दवाखान्यापर्यंत तरी नेऊ या.