जुन्या बंदुकीला मवाळ बार

खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रे पुजतात. आता बहुतेक घरांत शस्त्रे म्हणजे विळी, कात्री, पाना-पक्कड आणि फार तर शिवणयंत्र. पण नाशिक जिल्ह्यातल्या जुन्या बागायतदार घरांपैकी काही घरांत त्या दिवशी कपाटाचे कुलूप निघते आणि पाटावर दुनळी बंदूक येते. तिला हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते, आणि घरातला एखादा तरुण हमखास विचारतो, "ही अजून चालते का हो?" या प्रश्नाला मोठी माणसे बहुधा अभिमानाने उत्तर देतात : "न चालायला काय झाले? विलायती आहे!" उत्तर इतके सोपे नाही. ते चुकले तर डाव्या हाताच्या बोटांवर बेतते, म्हणून आज या विषयावर चार शब्द.

आमच्याकडची बंदूक आजोबांच्या धाकट्या भावाची. त्यांना आम्ही तात्या म्हणत असू. निफाड तालुक्यातल्या मळ्यावर रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी त्यांच्याकडे परवाना होता. बंदूक बारा बोअरची, बाहेरून दोन घोडे असलेली. 'बारा बोअर' हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्यामागचा हिशेब गमतीचा आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा आतला व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर भरतो. सोळा गोळ्या केल्या तर गोळी लहान, म्हणून सोळा बोअर बारापेक्षा बारीक.

1950 च्या दशकाच्या अखेरीस, मी आठ-दहा वर्षांचा असताना, तात्यांना काडतुसे भरताना पाहिले आहे. तेव्हा पितळी काडतुसे पुन्हा पुन्हा वापरत. उडालेली केप ठोकून काढायची, नवी बसवायची. मग पितळेच्या छोट्या मापाने काळी दारू घालायची, वर पुठ्ठ्याची चकती, नमद्याची जाड चकती, मग छर्रे, पुन्हा पुठ्ठा, आणि कडेने मेण. सारे काम ओसरीवर, दिवसाउजेडी. विडी ओढणाऱ्याला त्या दिवशी ओसरी बंद. माप भरले की तात्या काडीने वरचा ढीग सपाट करून टाकत. आम्ही पोरे म्हणायचो, "तात्या, शीग भरून घाला की!" त्यावर त्यांचे ठरलेले उत्तर : "बार मोठा भरला म्हणून नेम मोठा होत नाही."

या सपाट मापामागे मोठे शहाणपण होते. ते कळायला आधी नळी कशी बनली आहे ते पाहावे लागते. एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ बंदुकांच्या नळ्या दमास्कस पद्धतीच्या असत. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र तापवायच्या, पीळ घालायचा, मग ती पिळलेली पट्टी दांड्याभोवती वेटोळे घालत गुंडाळायची आणि घणाने ठोकून सांधायची. बेल्जियममधले लिएज हे या कामाचे मोठे केंद्र होते. नळी घासून आम्लाने उजळली की तिच्यावर पाण्याच्या लहरींसारखी किंवा नागमोडी नक्षी उमटते. दिसायला ही नळी पैठणीच्या पदरासारखी असते. पण तिच्यात तळापासून तोंडापर्यंत सांधेच सांधे असतात. एखाद्या सांध्यात दीडशे वर्षांपूर्वी अडकलेला राखेचा कण आणि त्याभोवती वाढत गेलेला गंज बाहेरून दिसत नाही.

या नळ्या काळ्या दारूसाठी घडवल्या होत्या. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ही दारू पेटली की तिचा जोर काडतुसाच्या घराजवळच शिगेला पोचतो आणि पुढे झपाट्याने ओसरतो. म्हणून जुन्या कारागिरांनी नळी मागे जाड आणि पुढे पातळ ठेवली. 1884 मध्ये व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने रायफलीसाठी बिनधुराची दारू यशस्वी केली, आणि तिथून पुढे दारूची जातच बदलली. ही दारू थोड्या प्रमाणात पुष्कळ काम करते, आणि तिच्या काही प्रकारांत दाब नळीत बराच पुढपर्यंत टिकून राहतो. म्हणजे नेमका तिथे, जिथे जुनी नळी पातळ आहे आणि जिथे बंदूक तोलायला आपला डावा हात असतो.

आता तात्यांच्या मापाकडे पुन्हा येऊ. ते माप वजन सांगत नाही, जागा सांगते. स्वयंपाकघरातला दाखला घ्या. एक वाटी पोहे आणि एक वाटी साखर यांची वाटी एकच, पण वजन वेगळे, आणि पोटात गेल्यावर होणारा परिणाम तर फारच वेगळा. काळ्या दारूचे माप बिनधुराच्या दारूने भरणे ही जुन्या बंदुकीच्या बाबतीतली सर्वांत घातक गोष्ट आहे. शिवाय काळी दारू काडतुसात एवढी जागा व्यापते की चुकून दोनदा घातली तर काडतूस उतू जाते आणि हात थांबतो. बिनधुराची दारू तळाशी चिमूटभर असते. दोनदा पडली तरी डोळ्यांना कळत नाही.

जास्त बाराचे फळ काय, हे जिम कॉर्बेटच्या वाचकांना ठाऊक असेल. 1953 मध्ये निघालेल्या 'जंगल लोअर'मध्ये त्याने आपल्या पोरवयातल्या पहिल्या बंदुकीचे वर्णन केले आहे. ती ठासणीची दुनळी होती आणि जादा दारू ठासल्याने तिची उजवी नळी फाटलेली होती. नळ्या आणि दस्ता पितळी तारेने बांधून ठेवले होते. पोरगा डाव्या नळीवर भागवत असे. ती बंदूक फाटली तेव्हा ज्याच्या हातात होती त्याचे काय झाले असेल, ते आपणच ताडायचे.

मग जुनी बंदूक वापरायचीच नाही का? इंग्लंड-युरोपात आजही काही लोक आजोबा-पणजोबांच्या बंदुका वापरतात, पण त्यांना मवाळ बार भरतात. नाशिककरांना जहाल आणि मवाळ यांतला फरक सांगायला नको! मवाळ बाराची कल्पना साधी आहे. छर्ऱ्यांचे वजन कमी ठेवायचे, म्हणजे पुढे ढकलायचे ओझे कमी. आणि त्या ओझ्याला मानवेल अशीच दारू, तिच्या उत्पादकाने छापलेल्या तक्त्याप्रमाणे, काट्यावर तोलून घालायची. दाब उतरतो, खांद्याला धक्का कमी बसतो, लाकडी दस्त्याचे आयुष्य वाढते. मवाळ म्हणजे दुबळा, असे कुणी समजू नये. पूर्वी बारा बोअरला सव्वा औंसाच्या आसपास, म्हणजे पस्तीस ग्रॅमपर्यंत छर्रे घालण्याची हौस होती. आज ऑलिंपिकच्या नेमबाजीत चोवीस ग्रॅमचे काडतूस चालते. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी 2004 मध्ये अथेन्सला रौप्यपदक मिळवले, ते अशाच हलक्या काडतुसांनी मातीच्या उडत्या तबकड्या फोडून.

मवाळपणालाही तळ आहे, हे मात्र विसरता येत नाही. मनाने दारू आणखी कमी करत गेले तर बार फुसका जातो. आपण 'फुसका बार' म्हणून हसतो. बंदुकीत तो हसण्यावारी नेण्याचा प्रकार नव्हे. ढकलायला पुरेसा जोर नसला की चकती नळीतच अडकून बसते आणि मागून दुसरा बार आला की नळी फुगते किंवा फुटते. तात्यांची शिस्त होती : आवाज वेगळा आला की बंदूक उघडायची, काडतुसे काढायची आणि नळीतून आभाळ दिसते का ते पाहायचे.

आणखी दोन फसवे प्रकार आहेत. पहिला लांबीचा. जुन्या इंग्रजी बंदुकांत काडतुसाचे घर बहुधा अडीच इंचांचे, म्हणजे पासष्ट मिलिमीटरच्या काडतुसाचे असते. आज सत्तर मिलिमीटरचे काडतूस सर्रास मिळते. तोंड दुमडलेले असल्याने ते अडीच इंचांच्या घरात आरामात बसते, बंदूक मिटतेही. पण खोक्यावरची लांबी उडाल्यानंतर उलगडलेल्या काडतुसाची असते. दुमडलेले तोंड उघडते तेव्हा ते पुढच्या अरुंद भागात घुसते, वाट आवळते आणि दाब चढतो. "बसले म्हणजे चालते" हा नियम चपलेला ठीक आहे, काडतुसाला नाही. दुसरा प्रकार वीस बोअरच्या काडतुसाचा. ते चुकून बारा बोअरमध्ये पडले तर आत घसरून अडकते. वरून पाहणाऱ्याला घर रिकामे दिसते आणि तो मागे बारा बोअरचे काडतूस घालतो. म्हणून वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याची पद्धत पडली.

आपली बंदूक कोणत्या पंगतीतली, हे तिच्या नळ्यांच्या बुडाशी कोरलेले असते. आपण मडके घेताना वाजवून घेतो, तसे इंग्लंडमध्ये नळी विकण्यापूर्वी मुद्दाम जड बार उडवून पारखतात आणि मगच शिक्का मारतात. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला त्यासाठी 1637 मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे पारखघर 1813 च्या कायद्याने उभे राहिले. नायट्रो, म्हणजे बिनधुराच्या दारूची पारख झाल्याचा शिक्का नसेल, तर ती बंदूक काळ्या दारूचीच समजावी. शिक्का असला तरी तो त्या दिवसापुरता. नंतरच्या शंभर पावसाळ्यांचे त्याला काय ठाऊक? काळ्या दारूची काजळी ओल धरते. बंदूक त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेल लावून ठेवली नसेल तर आत खड्डे पडतात. तात्या नळ्या दोरीला टांगून टिचकी मारत. घंटेसारखा नाद आला की खूश होत. त्या नादाने दोन नळ्यांमधला जोड पक्का आहे एवढे कळते. भिंत किती पातळ झाली, हे मापकाशिवाय कळत नाही.

कायद्याचेही माप आहे. 1959 चा शस्त्र कायदा 1962 पासून अमलात आला. त्याचे पाचवे कलम परवान्याशिवाय दारूगोळा तयार करायला मनाई करते. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे ओसरीवर काडतुसे भरण्याचा परवाना नव्हे, हे आजच्या वारसांनी नीट लक्षात ठेवावे आणि शंका असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधी लेखी विचारावे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा जमाना संपवला. 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला दोनच बंदुकांची मर्यादा घातली, वारशाने आलेल्याही त्यातच धरल्या.

तात्यांना मूलबाळ नव्हते. त्यांची बंदूक वडिलांकडे आणि वडिलांनंतर रीतसर परवान्याने माझ्याकडे आली. माझा नातू अभियांत्रिकी शिकतो. "आजोबा, एकच बार, तोही मवाळ," असा त्याचा दोन वर्षे हट्ट होता. शेवटी परवानाधारक कारागिराकडे ती नेली. त्याने घराची लांबी मोजली, ती अडीच इंचच. नायट्रोचा शिक्का नव्हता. मग मापकाने नळ्यांच्या भिंती तपासल्या. साधारण अर्धा मिलिमीटर उरली की जाणकार सावध होतात. आमच्या उजव्या नळीत हात धरायच्या जागेजवळ भिंत त्याहूनही पातळ निघाली आणि आतून खड्डे होते. कारागीर म्हणाला, "काका, हिला मवाळ बारसुद्धा नको. हिची नोकरी झाली." नातू गप्प झाला. मलाही क्षणभर वाईट वाटले. ज्या नळीने कित्येक हंगाम मळा राखला, तिचा आवाज आता कुणी ऐकणार नव्हता.

घरी आल्यावर नातवाने तात्यांचे पितळी माप मागून घेतले. ओट्यावरच्या छोट्या काट्यावर त्याने ते आधी रव्याने, मग साखरेने, मग मिठाने भरून तोलले आणि आकडे लिहून काढले. तिन्ही वेळा माप तेच, वजन वेगळे. मग एका पुठ्ठ्यावर त्याने 'फक्त काळ्या दारूसाठी होते. आता कशाहीसाठी नाही,' असे लिहिले आणि तो मापाच्या दांड्याला दोऱ्याने बांधला. बंदूक कुलपात आहे, घरात एकही काडतूस नाही. पुढे ती ज्याच्या हाती जाईल, त्याला वारशात बंदुकीबरोबर ती चिठ्ठीही मिळेल. जुनी वस्तू जपायची म्हणजे तिची ताकद किती उरली आहे, हे पुढच्याला खरे सांगून ठेवायचे.