कात्री लावण्याआधी: मॉडेल हेलिकॉप्टरच्या अँटेनाविषयीचे गैरसमज

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झालं आणि 25 डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. पनवेलकरांच्या डोक्यावर आता खरीखुरी विमानं घरघरतात. अशात रिमोटवरचं मॉडेल हेलिकॉप्टर हवेत अचानक ऐकेनासं झालं, की संशयाची सुई विमानतळाकडे वळणं साहजिक आहे. ‘त्यांच्या रडारनं आपला सिग्नल खाल्ला!’

तसं नसतं. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचं बोलणं 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. विमानतळांवरची टेहळणी रडार बहुतेक 2.7 ते 2.9 गिगाहर्ट्झवर असतात. आजचे रिमोट चालतात 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा भारतात 2005 पासून परवानामुक्त आहे, आणि तिथे गर्दी असते ती वायफाय अन् ब्लूटूथची. विमानतळ आड येतो तो कायद्यानं. ड्रोन नियम 2021 हौसेच्या मॉडेललाही लागू आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच मोकळीक आहे. त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही. पनवेल शहर या जवळच्या वर्तुळातच येतं, त्यामुळे उडवायला लांब जाणं आलंच.

सिग्नल तुटण्याचं कारण मात्र अनेकदा हेलिकॉप्टरच्या फ्रेमवरच सापडतं, काही सेंटिमीटरच्या तारेत.

सर्वांत जुना समज असा, की रिसीव्हरची वायर जितकी लांब तितकी रेंज जास्त, आणि थोडी कापली तर रेंज थोडीच कमी होणार. हिशेब वेगळा आहे. 300 ला मेगाहर्ट्झनं भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. जुन्या 72 मेगाहर्ट्झच्या एफएम संचाची तरंगलांबी 4.17 मीटर, तिचा पाव भाग 1.04 मीटर. म्हणून त्या रिसीव्हरना मीटरभर वायर असे. 35 मेगाहर्ट्झवर पाव भाग 2.14 मीटर भरतो. तरीही वायर मीटरभरच, कारण उरलेली कसर रिसीव्हरच्या आतली कॉइल भरून काढते. म्हणजे वायर आणि आतलं सर्किट यांची जोडी कारखान्यातच जुळवलेली असते. वायर कापली की जोडी बिघडते, आणि वर जादा तुकडा जोडला तरीही बिघडते.

विमानात ही वायर शेपटीकडे ताणता येते. हेलिकॉप्टरमध्ये मागे टेल रोटर टपलेला असतो, म्हणून कात्री हाती घ्यायचा मोह इथेच जास्त. काहीजण कापत नाहीत, गुंडाळी करून टेपनं चिकटवतात. तेही नको, घट्ट गुंडाळी म्हणजे नको तिथे आणखी एक कॉइल. वायर प्लास्टिकच्या नळीतून काढून स्किडच्या कडेनं सरळ न्यावी हे बरं. दुसरा मार्ग बुडाशी कॉइल असलेल्या आखूड व्हिप अँटेनाचा. तो लावताना मूळ वायर कापावीच लागते, पण पत्रकात दिलेल्या मापानंच. शिवाय 72 साठी घेतलेला व्हिप 35 ला चालत नाही. आणि आखूडपणाची थोडी किंमत रेंजमध्ये मोजावीच लागते, पाकिटावर काहीही छापलेलं असो.

2.4 गिगाहर्ट्झनं हे सगळं उलटं केलं. इथे तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, पाव भाग 31 मिलिमीटर. रिसीव्हरमधून निघणारी बारीक केबल पंधरा-वीस सेंटिमीटर असली तरी अँटेना म्हणजे फक्त टोकाचा, जाळी नसलेला 31 मिलिमीटरचा तुकडा. बाकीची केबल नुसती वाहक. त्यामुळे टोक तुटलं की रिसीव्हर फेकायचा, हाही गैरसमजच. पट्टी आणि धारदार ब्लेड घेऊन बाहेरचं आवरण व त्याखालची तारांची जाळी बरोबर 31 मिलिमीटर सोलावी, आतल्या आवरणाला ओरखडा येऊ देऊ नये. केबल तेवढी आखूड होते, काम चालतं. काही छोट्या रिसीव्हरना मात्र केबल नसतेच, थेट 31 मिलिमीटरची तार असते. तिला हात लावू नये.

दोन अँटेना असतील तर एक ‘स्पेअर’ नसते. तारेच्या टोकाच्या दिशेनं अँटेनाला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. हेलिकॉप्टर हवेत उलटंपालटं होतं तेव्हा एकीची आंधळी दिशा दुसरीनं सांभाळावी म्हणून त्या एकमेकींशी 90 अंशांत ठेवतात. दोन्ही समांतर बांधल्या की निम्मा फायदा गेला.

कार्बन फायबरची फ्रेम धातूची नाही म्हणून निर्धोक, असं समजणारे पुष्कळ. कार्बन वीज वाहतो आणि सिग्नल अडवतो. उघडी टोकं फ्रेमबाहेर, बॅटरी आणि मोटरच्या तारांपासून दूर हवीत. त्यांच्यावर प्लास्टिकची नळी चालते.

बेल्टवर चालणाऱ्या टेल रोटरचं प्रकरण निराळं. बेल्ट घासून स्थिर वीज साठते, तिची ठिणगी उडते आणि दोष अँटेनाला मिळतो. टेल बूम आणि फ्रेम तारेनं जोडली की बहुधा प्रश्न मिटतो.

कोणत्याही बदलानंतर जमिनीवर रेंज तपासावीच. जुन्या संचात ट्रान्समीटरची अँटेना मिटवून, नव्यात रेंज चेकचं बटण दाबून, सुमारे तीस पावलं दूर जावं. सोबत्यानं हेलिकॉप्टर सगळ्या बाजूंनी फिरवावं. मग दोन्ही रोटरची ब्लेड काढून, मोटर चालू ठेवून पुन्हा तेच. सर्व्हो एकदा जरी थरथरला किंवा थिजला, तर त्या दिवशी उड्डाण रद्द करावं.