नोझलमागची ओढ

मुंबईतल्या मढमधला एखादा शूटिंगचा बंगला या आठवड्यात पोलीस ठाणं असतो आणि पुढच्या आठवड्यात जिल्हा रुग्णालय. भिंती त्याच, आवारातली नारळाची झाडं तीच, बदलतो तो छापलेला फ्लेक्स. दारावरची पाटी, व्हरांड्यातले सूचनाफलक, खिडकीबाहेर ताणलेलं शहराचं चित्र. सीन संध्याकाळी बदलतो आणि आर्ट डिपार्टमेंटला माल सकाळी सेटवर हवा असतो. म्हणून मालाडच्या बाजूला असलेल्या फ्लेक्सच्या दुकानांत रात्रीही मशीन चालू राहतं, आणि बाहेर टेम्पो घेऊन थांबलेल्या माणसाचा प्रश्न एकच असतो, अजून किती वेळ?

अशाच एका दुकानात मी रात्रभर ऑपरेटरच्या शेजारी बसलो. काम दोन प्रकारचं होतं. काही पाट्या, पांढऱ्यावर निळी अक्षरं. आणि एक बॅकड्रॉप: रात्रीचं आकाश, खाली इमारतींच्या उजळलेल्या खिडक्या. पाट्या भराभर निघाल्या. आकाश लागलं तसा ऑपरेटर खुर्चीतून उठला आणि मशीनच्या मागे, शाईच्या छोट्या टाक्यांपाशी जाऊन उभा राहिला. "आता काळा पिणार," तो म्हणाला. "हेडला शाई पुरली पाहिजे, दादा. मशीन पळायला कधीही तयार असतं."

मोठ्या मशीनचा वेग मोटरवर ठरतो असं आपण समजतो. गाडी, म्हणजे शाईचे थेंब सोडणारं हेड वाहून नेणारा तो सरकता भाग, आणखी जोरात पळवता येते. खरी मर्यादा शाई किती दाबाने नोझलपाशी, म्हणजे हेडच्या बारीक भोकापाशी, उभी आहे यात असते. ही शाईही दाबून नाही, मागे ओढून धरावी लागते.

दुधाच्या पिशवीवर किंवा बिस्किटाच्या पुड्यावर तारीख छापणारं मशीन वेगळं. त्यात शाई वातावरणाच्या कित्येक पट दाबाखाली अखंड धारेने बाहेर पडते, थेंबांवर विद्युतभार देऊन हवे ते वळवतात आणि उरलेले परत टाकीत जातात. फ्लेक्सच्या मशीनमध्ये थेंब मागितला तरच पडायला हवा. हेडमधल्या पिझो पट्टीला विजेचा झटका बसतो, ती क्षणभर वाकते आणि एक थेंब सुटतो. बाकी वेळ नोझलचं तोंड उघडंच असतं. झाकण नाही, झडप नाही. शाई गळत नाही याचं कारण छोट्या टाकीतल्या शाईवर पंपाने धरलेली किंचित ओढ. कारागीर तिला निगेटिव्ह म्हणतात. "निगेटिव्ह किती आहे?" हा इथे प्रकृती विचारण्यासारखा प्रश्न.

या ओढीला जागा फार थोडी आहे. नोझलचं तोंड ३० मायक्रॉन धरलं आणि सॉल्व्हंट शाईचा पृष्ठताण साधारण असतो तेवढा घेतला, तर तोंडावरचा शाईचा पडदा जास्तीत जास्त साडेतीन किलोपास्कलच्या आसपास ओढ सोसतो. वातावरणाचा दाब १०१ किलोपास्कल, त्याच्या साधारण साडेतीन टक्के. त्यापलीकडे पडदा आत ओढला जातो, हवा शिरते आणि ते नोझल बंद पडतं. ओढ शून्याकडे गेली तर शाई हेडच्या तळावर पसरते, शेजारच्या नोझलचे थेंब तिरपे उडतात आणि अक्षरांना मिशा फुटतात.

गेजवरचा आकडाही सरळ वाचून चालत नाही. छोटी टाकी हेडच्या वर बसलेली असते. शाईची पातळी नोझलपेक्षा २० सेंटीमीटर वर असेल, तर तिच्या वजनाचाच जवळपास २ किलोपास्कल दाब खाली येतो. गेज उणे ३ दाखवतं तेव्हा नोझलपाशी उरतो उणे १. टाकीतला फ्लोट अडकला आणि पातळी बोटभर चढली, तर गेज तसंच राहतं आणि हेड गळण्याकडे सरकतं.

हे सगळं मशीन शांत असताना. थेंब सुटला की नोझलमधली शाई मागे सरते आणि केशाकर्षणाने पुन्हा पुढे येते, तेव्हाच पुढचा थेंब नीट पडतो. ओढ जास्त असेल तर हे भरणं रेंगाळतं. म्हणून वेग हवा असेल तर ओढ होईल तितकी कमी ठेवायची, आणि गळू नये म्हणून तिला हलू द्यायचं नाही. कमी ठेवणं नॉब फिरवून होतं. न हलू देणं हीच कारागिरी आहे, असं माझं ठाम मत त्या रात्री झालं.

कारण आकाश छापताना ती हलतेच. हिशेब करून पाहा. एका हेडला ५१२ नोझल, थेंब ३० पिकोलिटरचा, सेकंदाला ८ हजार थेंब. सगळी नोझलं एकदम चालली तर एक हेड मिनिटाला सात मिलिलिटरहून जास्त शाई मागतं. पाटीच्या अक्षरांत यातली थोडीच नोझलं चालतात. भरगच्च काळ्यात जवळपास सगळी. एवढी शाई अर्ध्या मीटरच्या, आतून ३ मिलिमीटर असलेल्या नळीतून येताना सुमारे ३०० पास्कल दाब वाटेतच खर्च होतो. तीच नळी २ मिलिमीटरची असेल तर दीड हजारांवर, कारण नळी अरुंद होते तसा विरोध चौथ्या घाताने वाढतो. हा खर्च टाकीवरच्या गेजला दिसत नाही. दिसतो तो फ्लेक्सवर: पट्ट्याच्या सुरुवातीला गर्द काळा, मध्यावर करडा, मग पांढऱ्या रेघा.

तशी एक रेघ आली. ऑपरेटरने गेजकडे पाहिलंही नाही. मशीन थांबवून काळ्याचा फिल्टर काढला, नवा बसवला, नळीला कुठे मोड पडली आहे का ते बोटांनी चाचपलं. मग पर्ज केलं, म्हणजे क्षणभर उलटा दाब देऊन शाई हेडमधून बाहेर ढकलली, आणि नोझल चेक काढला. आडव्या रेघांची जाळी पूर्ण आली. मी विचारलं, निगेटिव्ह कमी केलं तर? "रेघ जाईल," तो म्हणाला, "पण गाडी कडेला वळताना टपकेल." गाडी दर फेरीला झटक्याने दिशा बदलते, टाकीतली शाई उसळते, आणि त्या हिसक्याने ओढ वरखाली होते. ते शोषायला नळीत डॅम्पर असतो, पातळ पडद्याची छोटी डबी, पण सगळं त्याच्यावर सोडता येत नाही.

मुंबईच्या पावसात या ओढीला आणखी एक बाजू आहे. वीज गेली की पंप थांबतो, ओढ संपते आणि सगळी हेडं एकदम गळू लागतात. म्हणून त्या दुकानात व्हॅक्यूम पंपाला स्वतंत्र यूपीएस होता. संगणक बंद पडला तर काम पुन्हा देता येतं, पंप बंद पडला तर खालचा छापलेला फ्लेक्स जातो.

नव्या हेडांनी वाट बदलली आहे. ब्रिटनच्या झार कंपनीने २००७ च्या सुमारास असं हेड आणलं, ज्यात शाई नोझलच्या पाठीमागून सतत वाहत राहते. येणाऱ्या आणि जाणाऱ्या बाजूच्या दाबात ठरावीक फरक ठेवायचा आणि दोन्हींच्या मधला दाब नोझलला मिळेल असं बघायचं. हवेचा बुडबुडा आला तर तो प्रवाहाबरोबर निघून जातो. अशी हेडं महाग. ठाणं-रुग्णालयाच्या पाट्या छापणाऱ्या छोट्या दुकानांत अजून टाकी, पंप आणि ऑपरेटरचा कान यांवरच भागवतात. कान म्हणायचं कारण, पंप वारंवार सुरू होऊ लागला की कुठेतरी हवा शिरते आहे हे त्याला आवाजावरून कळत होतं.

पाट्या त्याने दोन पासमध्ये काढल्या होत्या, आकाश चार पासवर नेलं. म्हणजे तीच जागा चार फेऱ्यांत भरायची, दर फेरीला हेडकडे थोडी शाई मागायची. वेळ जवळपास दुप्पट. टेम्पोवाला कुरकुरला. पण मशीन दहा फुटी आणि बॅकड्रॉप त्याहून रुंद, म्हणून आकाश दोन पट्ट्यांत छापून जोडायचं होतं. पहिला पट्टा एका दाबाला आणि दुसरा वेगळ्या दाबाला निघाला तर थेंबाचं आकारमान बदलतं, काळ्याची छटा बदलते, आणि डोळ्याला न दिसलेला जोड सेटवरच्या दिव्यात कॅमेऱ्याला दिसतो. पहिला पट्टा झाल्यावर मालकाने वेग वाढवायला सांगितला. ऑपरेटर नाही म्हणाला, आणि दुसरा पट्टा उतरेपर्यंत त्याने नॉबला कोणालाही हात लावू दिला नाही.