सागरपुत्राचा निरोप

मनुष्याची योग्यता त्याच्या हयातींत कळते त्याहून अधिक त्याच्या अंत्ययात्रेंत कळते, असें वृद्ध लोक म्हणत आले आहेत. ता. २७ जानेवारी १९६८ रोजीं पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांत, होनोलुलू शहराच्या वाइकीकी किनाऱ्यावर जो अंत्यविधि झाला, त्याची हकीकत या दृष्टीनें आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. तो कोणा राजाचा नव्हे, सेनापतीचा नव्हे, तर एका पोहणाऱ्याचा होता.

ड्यूक पाओआ काहानामोकू हें त्यांचें नांव. ‘ड्यूक’ ही येथें पदवी नव्हे. १८६९ सालीं एडिंबरोचे ड्यूक त्या बेटांस आले होते. त्या भेटीची आठवण म्हणून वडिलांस हें नांव मिळालें, आणि पुढें तें मुलाकडे चालत आलें. काहानामोकू यांचा जन्म २४ ऑगस्ट १८९० चा. तेव्हां हवाईंत देशी राज्य नांदत होतें. परंतु १८९३ सालीं तेथील राणीस पदच्युत करण्यांत आलें, आणि १८९८ सालीं तीं बेटें अमेरिकेच्या राज्यास जोडलीं गेलीं. बाहेरून आलेल्या रोगांनीं मूळची प्रजा आधींच रोडावली होती. फळीवर उभें राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे येण्याची त्यांची पिढीजाद विद्या, जिला ते ‘हेए नालू’ म्हणजे लाटेवरून सरकणें म्हणतात, तीही या पडझडीनें व मिशनऱ्यांच्या नापसंतीनें लोप पावूं लागली होती.

त्या विद्येस काहानामोकू यांनीं पुन्हां प्रतिष्ठा मिळवून दिली. १९१२ सालीं स्टॉकहोम येथें व १९२० सालीं अँटवर्प येथें ऑलिंपिक सामन्यांत १०० मीटर पोहण्याच्या शर्यतींत ते पहिले आले. १९२४ सालीं पॅरिस येथें, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, त्यांचा दुसरा नंबर लागला, आणि तिसरा आला तो त्यांचाच धाकटा भाऊ. १९१४ च्या डिसेंबरांत त्यांनीं सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर स्वतः घडविलेल्या फळीवर उभें राहून ऑस्ट्रेलियांतील लोकांस आपली विद्या दाखविली.

परंतु पदकांहून मोठी गोष्ट १४ जून १९२५ ची. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘थेल्मा’ नांवाची बोट प्रचंड लाटांत सांपडून उलटली. काहानामोकू आपली फळी घेऊन त्या खवळलेल्या पाण्यांत शिरले, आणि पुनःपुन्हां जाऊन त्यांनीं आठ जणांस जिवंत बाहेर काढिलें. सतरा माणसें दगावलीं. बारा वांचलीं, त्यांतील आठ या एका पुरुषाच्या हातून. इतकी कीर्ति असूनही धन मिळालें नाहीं. चरितार्थासाठीं त्यांना पेट्रोलपंपही चालवावा लागला. पुढें होनोलुलूच्या लोकांनीं मात्र त्यांस शेरीफ म्हणून वारंवार निवडून दिलें.

२२ जानेवारी १९६८ रोजीं, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षानंतर, हृदयविकारानें त्यांचा अंत झाला. पांच दिवसांनीं मोटारींची लांबच लांब रांग शहरांतून वाइकीकीस गेली. बरोबर तीस पोलिसांचें पथक होतें. आकाका नांवाच्या हवाईयन धर्मोपदेशकांनीं चार शब्द सांगितले. किनाऱ्यावर पोहणें व फळी चालविणें शिकवून पोट भरणाऱ्या सोबत्यांनीं आपल्या भाषेंतील गीतें गाइलीं. त्यांत राणी लिलिउओकलानी यांनीं रचिलेलें ‘अलोहा ओए’ हें निरोपाचें गीतही होतें. जिच्या एका बाजूस तोल सांभाळणारी उलांडी बांधलेली असते, तशा देशी होड्या पाण्यांत लोटल्या गेल्या, आणि रक्षा समुद्राच्या स्वाधीन करण्यांत आली.

येथें कोणी विचारील, यास शास्त्राधार कोणता? प्रश्न रास्त आहे. प्राचीन हवाईंत अस्थींच्या ठायीं मृताचें सामर्थ्य वसतें अशी श्रद्धा होती. म्हणून थोरांच्या अस्थि गुप्त गुहांत लपवीत. सर्वांसमक्ष रक्षा समुद्रांत सोडणें हा त्या मानानें अलीकडचा रिवाज. प्रार्थना ख्रिस्ती, गीतें हवाईयन, होड्या पूर्वजांच्या. जुन्या चौकटींत हा विधि पुरता बसत नाहीं. तथापि त्यास पोकळ कोण म्हणेल? आपल्याकडील सगरपुत्रांची रक्षा पाताळांत पाण्याची वाट पाहत पडली होती. भगीरथानें गंगा आणिली तेव्हां तिला गति मिळाली. या पुरुषाच्या रक्षेस वाट पाहावी लागली नाहीं. ज्या पाण्यानें त्यास वाढविलें, ज्या पाण्यांतून त्यानें आठ जीव परत आणिले, त्याच पाण्यानें त्यास पोटांत घेतलें. पोहोंचवावयास आलेले लोकही त्याच पाण्यावर जगणारे होते. विधीस अर्थ आला तो या ऋणानुबंधामुळें.

१९९० सालीं, जन्मशताब्दीच्या निमित्तानें, वाइकीकीस त्यांचा पुतळा उभा राहिला. त्याची पाठ समुद्राकडे आहे, आणि समुद्राकडे पाठ फिरवून काहानामोकू कधीं उभे राहिले नसते, अशी तक्रार जाणते लोक करितात. तरी त्याच्या पसरलेल्या हातांवर फुलांच्या माळा पडतच असतात.

आमच्या कुटुंबवत्सल वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें. घरांतील वडील माणूस गेलें म्हणजे दर्भ, तीळ, पिंड यांची सिद्धता आपण चोख करितों, आणि ती करावीच. परंतु तेरा दिवसांत एखादी संध्याकाळ अशीही असावी, कीं त्या माणसानें कोणास तारिलें, कोणास काय शिकविलें, हें घरच्या मुलांस बसवून सांगावें. आणि ज्यांना त्यानें शिकविलें, त्यांनाही त्या दिवशीं घरीं बोलवावें.